एक घर डावीकडे

९ ऑगस्ट २००४, सोमवार

काढलं मला! नऊ वर्षं नोकरी, आणि एका वाक्यात काढलं.

रंगनाथशेठ गादीवर बसून पानाला चुना लावत होते. मान वर करून बघितलंसुद्धा नाही. "तृप्तीताई, उद्यापासून नक्षीचं काम निकिता बघेल. कोर्स केलाय तिने. नवा कॉम्प्युटर आणलाय. कॉम्प्युटर चुकत नाही हो, माणूस चुकतो."

माणूस चुकतो म्हणे! मी? येवल्यात यांचे अकरा माग आहेत. त्या अकरा मागांवर नऊ वर्षं माझ्या नक्षीच्या पैठण्या विणल्या गेल्या. मोर माझे, पोपट माझे, काठावरची कोयरी माझी. आलेखाच्या कागदावरचं एक घर म्हणजे मागावरचे चार धागे. एक घर इकडचं तिकडे झालं की मोराची मान मोडते. नऊ वर्षांत माझ्या एका मोराची मान मोडलेली नाही. एक घर चुकलेलं नाही! आहे का कुणाची छाती असं सांगायची?

निकिता म्हणजे शेठची सून. घरात येऊन आठ महिने झालेत. मोर कुठला आणि बदक कुठलं, तिला एकदा विचारून बघावं.

निघताना वर दानधर्म— "तो जुना डबा हवा तर घेऊन जा. चालू होत नाही आता. भंगारातच जाणार." डबा! सात वर्षं त्याच डब्यावर मी यांचं दुकान चालवलं.

घेऊन आले. का नाही आणणार? मेन रोडवरून सिडकोपर्यंत मांडीवर मॉनिटर घेऊन रिक्षात बसले. आईने दार उघडलं, वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "निरोपसमारंभ केला वाटतं."

रंगनाथशेठ, लक्षात ठेवा. मी विसरणारी नाही.

१० ऑगस्ट

डबा लावला. घरघरला, खाकरला, काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली आणि थांबला. कुठलीशी फाइल सापडत नाही म्हणतो. मला नोकरी सापडत नाहीये, मी कुणाला सांगू?

१२ ऑगस्ट

दिवसभर एकच उद्योग— शेठचं काय करावं! दुकानाच्या पायरीवर उभं राहून गिऱ्हाइकांना ओरडून सांगावं की बायांनो, या मोराची आई मी आहे. नाहीतर निकिताच्या नव्या कॉम्प्युटरवर उसाचा रस ओतावा. नाहीतर काहीच करू नये, फक्त रोज समोरच्या दुकानात जाऊन बसावं आणि शेठकडे बघत राहावं.

आई म्हणते, "पोळी करपली." करपू दे.

१५ ऑगस्ट, रविवार

किशोर जिलेबी घेऊन आला. माझा मामेभाऊ. एमजी रोडला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, दोन पोरांचा बाप झाला तरी मला अजून तायडेच म्हणतो. डबा उघडला तर आत मूठभर धूळ आणि पालीचं एक अंडं. "तायडे, बत्तीस एमबी! माझ्या पोरांच्या व्हिडिओगेममध्ये याहून जास्त जीव असेल."

मी म्हटलं, चालणार असेल तर सांग, कुचेष्टा नको.

मग त्याने पिशवीतून एक सीडी काढली. कुठल्याशा मासिकाबरोबर फुकट आलेली. लिनक्स म्हणे, पण छोटी. सगळी मिळून पन्नास एमबी. "मोठं विंडोज याला पेलणार नाही आता. हिला कमी खाऊन जगायची सवय आहे. डिस्कला हातपण लावत नाही, सीडीवरूनच चालते."

सीडी घातली. काळ्यावर पांढऱ्या अक्षरांची रांगच्या रांग खाली पळायला लागली. मला वाटलं गेला डबा! आई देवाजवळून ओरडली, "स्फोट होणार असेल तर आधी सांगा!" आणि दोन मिनिटांत समोर एक साधा, निळसर पडदा. कोपऱ्यात घड्याळ. बाण हलेना, किशोरने खटाखट काहीतरी टाइप केलं, हलायला लागला.

चालू झाला! शेठने भंगारात काढलेला डबा फुकटच्या सीडीवर उठून बसला. मी जिलेबीचे चार वेढे एकटीने खाल्ले.

१९ ऑगस्ट

किशोरने वहीच्या पानावर आज्ञा लिहून दिल्यात. सीडी कशी लावायची, फ्लॉपी कशी जोडायची, बंद कसं करायचं. एक मोकळी जागा सुटली तरी ऐकत नाही. पण मला आवडायला लागलीय ही बाई. नखरा नाही, चित्रं नाहीत, गोड बोलणं नाही. चुकलात— एका ओळीत सांगते. बरोबर आलं तर काहीच म्हणत नाही. शाबासकीही नाही!

आई: "कुणाशी भांडतेस गं आतमध्ये?"

२२ ऑगस्ट, रविवार

सापडलं!!

वहीत शेवटची आज्ञा होती जुनी डिस्क जोडायची. किशोर म्हणाला होता, बघ करून, बहुतेक काही नसेल. टाइप केली. उघडली. माझा ‘नक्षी’ फोल्डर जसाच्या तसा! त्रेसष्ट नक्ष्या. प्रत्येकीपुढे तारीख. नोव्हेंबर ९७ ची, डब्यावर काढलेली पहिली कोयरी आहे. जुलैमध्ये पुरी केलेली मयूरवेल आहे— नऊ फेऱ्यांची वेल, फेऱ्याला एक मोर, अजून मागावर चढलेलीच नाही. डबा मेला नव्हताच. फक्त विंडोज उठत नव्हतं, आणि शेठला वाटलं डबाच मेला.

म्हणजे माझं सगळं माझ्याकडे आहे. रंगनाथशेठ, तुम्ही तुमच्या हाताने रिक्षात घालून दिलंत.

४ सप्टेंबर

पेपरात निकिताचा फोटो! हातात बक्षिसाची ट्रॉफी. कुठल्याशा प्रदर्शनात नक्षीकामाचं पहिलं बक्षीस. मागे भिंतीवर काय आहे? मयूरवेल. माझी मयूरवेल, नव्या कॉम्प्युटरवर आधीच उतरवून घेतलेली! खाली लिहिलंय— "तरुण पिढीची कल्पकता."

कल्पकता जळली मेली. तो वेलीतला मोर मागे वळून बघतो ना, तसा आमच्या येवल्याच्या अंगणातला कोंबडा बघायचा. त्यावरून काढलाय मी. निकिताने कधी कोंबडा पाहिलाय का कापायच्या आधी?

किशोरला फोन केला. तारखा दाखवीन म्हटलं, पेपरवाल्यांना बोलावीन. तो म्हणाला, "तायडे, तारीख कुणीही बदलू शकतं. कोण मानणार?" मग उपयोग काय या तारखांचा! फोन आपटला. नंतर वाईट वाटलं, त्याचा काय दोष?

कात्रण या वहीत चिकटवून ठेवतेय. रोज उघडलं की दिसलं पाहिजे.

१६ सप्टेंबर

आज जे झालं ते देवाने माझ्यासाठीच केलं.

फोन आला. "तृप्तीताई, बऱ्या आहात ना? आईंची तब्येत?" नऊ वर्षांत कधी विचारली नव्हती आईची तब्येत. मग हळूच बाहेर आलं— नव्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला, सगळं पुसलं गेलं. निकिताकडे मयूरवेलीचा फोटोपुरता एक तुकडा उरलाय. आणि मुंबईच्या एका मोठ्या घरच्या लग्नाची पैठणी कबूल करून बसलेत, तोच पदर हवाय, पेपरातला. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त. "तुमच्याकडचा तो... कॉम्प्युटर. त्यात काही निघतंय का बघता?"

आता डब्याचा कॉम्प्युटर झाला.

बघते म्हटलं आणि ठेवला. स्वयंपाकघरात जाऊन आईला मिठी मारली. ती घाबरली.

१७ सप्टेंबर

नाही म्हणणार होते. चांगलं ठणकावून. पण नाही म्हटलं तर काय होईल? शेठ दुसरी नक्षी दाखवतील, हात जोडतील, निभावून नेतील. पुन्हा सुटतील.

त्यापेक्षा द्यावी.

सकाळी आईला भाजीला पाठवलं आणि मयूरवेल उघडली. पदर म्हणजे एकच तुकडा नऊ वेळा एकावर एक चढवलेला. त्या तुकड्यात वेलीचा देठ जिथे संपतो, तिथे एक घर डावीकडे सरकवलं. एकच. कागदावर डोळा लावला तरी कळायचं नाही. पहिल्या फेऱ्यात एक घर, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. चौथ्या-पाचव्यापर्यंत वाटेल की मागच तिरका बसलाय. नवव्या फेऱ्यात वेल जाऊन काठात घुसते आणि मोराची मान काठाखाली दबते! तोवर दीड महिना विणून झालेला असेल. जरीचा पदर काय उसवून पुन्हा विणता येतो? लग्नाच्या आठ दिवस आधी शेठ तो पदर उलगडणार.

कॉम्प्युटर चुकत नाही ना? घ्या मग.

निकिता मोजणार नाही. तिला मोजता येत असतं तर मला काढलं नसतं.

२० सप्टेंबर

फ्लॉपी देऊन आले. दुकानात गणपती बसलाय, शेठनी मला प्रसाद दिला, खुर्ची दिली, चहा मागवला. निकिताने फ्लॉपी घेतली आणि हळूच म्हणाली, "ताई, थँक यू. मला खरंच जमत नाही तुमच्यासारखं. बाबांना सांगितलं मी, पण ऐकत नाहीत."

असं का बोलली ती? मला नकोय तिचं चांगलं बोलणं. मोदक खाल्ला आणि निघाले.

२६ सप्टेंबर

छान दिवस चाललेत. मोजतेय. आज बहुतेक पहिला फेरा पुरा झाला असेल. शेजारच्यांच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका बनवून दिली डब्यावर. हातात काम आहे, मनात मजा आहे. लिनक्सबाई, आपलं जमतंय.

५ ऑक्टोबर

दुपारी फोन आला. येवल्याहून. कुसामावशी!

कुसाबाई आमच्या येवल्याच्या घरासमोर राहायची. सख्खी नाही, पण सख्ख्यांनी काय केलं माझ्यासाठी? वडील गेले तेव्हा मी सोळाची. नखाने धागे मोजायला तिने शिकवलं, शेठकडे मला चिकटवलं ते तिने. नक्षी कागदावर उतरली की पहिला माग नेहमी तिचा— तिच्या मागावरचं बघून बाकीचे दहा विणायचे. या उन्हाळ्यात डोळ्यांत मोतीबिंदू झाला आणि शेठनी तिचा माग बंद केला. ती मागावर बसत नाही, हे मी धरूनच चालले होते.

"पोरी, डोळा केला! आता लख्ख दिसतंय बघ. शेठनी माग परत दिला. म्हणले, येवढा पदर नीट उतरव, मग माग तुझाच. आणि नक्षी कुणाची म्हाईताय? तुझी! मोराची! पहिला फेरा झाला बी. लय ग्वाड काढलीस."

मी "हो का मावशी" म्हटलं. आणखी काय म्हटलं आठवत नाही.

पदर बिघडला की शेठ नक्षी कुणाची ते विचारत नाहीत. नक्षी चुकली की कागद चुकला, तो फाडायचा. विणलेलं चुकलं की हात चुकला. साडी कारागिराच्या गळ्यात आणि माग दुसऱ्याला. येवल्यात असंच चालतं. मला हे लहानपणापासून माहीत आहे. घर सरकवलं तेव्हाही माहीत होतं. कुणीतरी कारागीर मरणारच होता माझ्या मोराखाली. तो अनोळखी असेल म्हणून मला चालत होतं.

६ ऑक्टोबर

सांगायला पाहिजे.

७ ऑक्टोबर

सांगितलं तर शेठ सुटले. आणि मावशीला काय सांगू? की मी मुद्दाम केलं? तिने शिकवलेल्या हाताने?

११ ऑक्टोबर

दोन फेरे झाले असतील. अजून दिसणार नाही. डोळा केला म्हटलं तरी तिची साठी उलटून गेलेली आहे. दिसलं तर तिला वाटेल आपलाच डोळा धोका देतोय. म्हणजे आणखी घाबरेल.

कात्रण बघितलं. पुन्हा राग आला. बरं वाटलं राग आल्यावर. तो गेला की नको ते आठवतं.

१६ ऑक्टोबर

शेठचा फोन. "पदर फक्कड उतरतोय म्हणे ताई. कुसाबाईचा निरोप आहे." हसत होते. माझ्याने हसवेना.

२२ ऑक्टोबर, दसरा

आईने डब्याची पूजा केली. हळदकुंकू, झेंडूचं फूल, मॉनिटरवर स्वस्तिक. "याने आपल्याला जेवू घातलं या दोन महिन्यांत," म्हणाली. मला तिथे उभं राहवेना. काय काय करून घेतलंय मी याच्याकडून, हिला काय ठाऊक!

पाच फेरे.

२५ ऑक्टोबर

बस्स. ठरवलं. शेवटच्या दोन फेऱ्यांत वेल थोडी थोडी उजवीकडे आणत नेली तर नवव्याला परत मधे येईल. पदरात एक हलकासा झोका दिसेल, लोकांना वाटेल तशीच नक्षी आहे. तसा कागद काढून मावशीला द्यायचा. म्हणायचं, शेठनी बदल सांगितलाय. खोटंच, पण माग वाचेल.

दोन तास बसून दोन्ही फेरे पुन्हा रचले. एकेक घर. शेवटचा मोर बसवत होते आणि लाईट गेली! लोडशेडिंग. माझ्या लक्षातच नाही— ही बाई सीडीवरून चालते, जे काही करता ते हवेत! फ्लॉपीवर ठेवलं नाही तर वीज गेली की तीही गेली. किशोरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वहीत लिहिलेलंय, वर दोनदा अधोरेखित!

मी रडले. आईला सांगितलं, डोळ्यात कचरा गेला.

२८ ऑक्टोबर

पुन्हा केलं. दर मोरामागे फ्लॉपीवर ठेवलं. किशोरने दिलेला जुना प्रिंटर ऐकेना. किशोर दुकान सोडून आला, कुठलीशी एक ओळ बदलली, मग तो म्हातारा प्रिंटर करकरत पट्टी काढायला लागला. सहा पट्ट्या चिकटवून कागद तयार. किशोर म्हणाला, "एवढं काय अडलंय तायडे?" त्याला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलेलं नाही. फक्त इथे.

३१ ऑक्टोबर, रविवार

सकाळच्या एसटीने येवला. निफाड, विंचूर, सगळा रस्ता मांडीवर कागदाची गुंडाळी घट्ट धरून. बाजूची बाई विचारते, "लगीनपत्रिका का?" मी म्हटलं, हो.

गल्लीत शिरले तर मागांची तीच खटखट. मावशी खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेली, नव्या जाड भिंगाचा चष्मा, समोर वीसेक तिल्ल्या, रंगीत धाग्यांच्या बारीक कांड्या, लोंबतायत. मला बघून उठायला लागली, मी म्हटलं उठू नको, आधी मला पदर बघू दे.

सात फेरे झाले होते. मी वाकले. वेल सरळ. अगदी सरळ! पहिल्यापासून सातव्यापर्यंत दोरी लावावी अशी. मी नखाने मोजलं. पुन्हा मोजलं. सातही मोरांच्या माना जागच्या जागी.

"मावशी, इथे एक घर..."

"ते व्हय? देठापाशी? ते काढलं मी पहिल्याच दिशी. विणायच्या आधी मोजती ना मी समदं."

"मग शेठना सांगितलं नाहीस?"

"त्यांना कशापायी? घर चुकलेलं दिसलं की नीट करायचं. त्यात सांगायचं काय हाय?"

तिथेच मागाच्या काठावर बसले आणि तिच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. म्हटलं, "मावशी, ते घर मी..." तिने माझ्या तोंडावर हातच ठेवला, धाग्याच्या खळीचा वास असलेला. "आसू दे गं. व्हतं. च्या ठेवू?"

मी पुढे बोलले नाही. बोलायला पाहिजे होतं. बोलले नाही.

चहा झाला, भाकरी-पिठलं झालं. माझी गुंडाळी मी पिशवीतून काढलीच नाही. आणि जिवात जीव आला तसा माझा जुना तोराही परत आला! वाटलं, बरं झालं, पदर उत्तम उतरणार, मुंबईच्या लग्नात गाजणार, आणि शेठला शेवटी माझ्याच दारात यावं लागणार. मी नाक वर करून म्हणणार, नऊ वर्षांत एक घर चुकलं नाही माझं. हे एक होतं ते मुद्दाम केलेलं, आणि ते फक्त मला माहीत.

निघताना मावशीने माळ्यावरून एक गाठोडं काढलं, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं. "तुझंच हाय. समदे कागद, पयल्या कोयरीपासनं. ह्यो मोराचा बी त्यातच घातलाय, मला आता पाठ झाला. छप्पर गळतंय, भिजून जायचे. ने तुझ्याकडं. दुसऱ्या कुणाला नको दावू." का गं, विचारलं तर म्हणाली, "उगीच कुणी काय म्हनंल."

एसटीत जागा मिळाली. गाठोडं मांडीवर. वाटेत उघडलं नाही.

१ नोव्हेंबर

उघडलं. त्रेसष्ट कागद. जवळजवळ सगळ्यांवर पेन्सिलीचे बारीक गोल. कुठे एक, कुठे तीन. पहिल्या कोयरीवर पाच. प्रत्येक गोलात एक चुकलेलं घर, आणि शेजारी तिने सरळ करून दाखवलेलं. डब्यावर एकेक फाइल काढून ताडून बघितली. सगळे गोल बरोबर आहेत.

मयूरवेलीच्या कागदावर दोन गोल आहेत. मी एकच घर सरकवलं होतं.